जुन्या शर्टाच्या मापानं

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला की थोड्याच दिवसांत मंचरला थंडी येते. गच्चीवर वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत ओलसर राहतात, खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते आणि दूधवाला भाऊ कानाला मफलर गुंडाळून येतो. मला थंडी आवडत नाही. लोक म्हणतात थंडीच बरी, भूक लागते, झोप लागते. लागत असेल. मला थंडी पडली की कुठून तरी नव्या लोकरीचा वास येतो, अजून पाण्यात न घातलेल्या लोकरीचा, आणि मग संक्रांत होऊन जाईपर्यंत मी घरात जरा तुसडेपणानंच वागते. माझ्या नवऱ्याला हे आता पाठ झालंय. या दिवसांत तो माझ्याशी फारसा वाद घालत नाही.

यंदा तो वास खराच आला. आमच्या वरच्या खोलीत अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुली भाड्यानं राहतात. त्यातली प्राजक्ता, लातूरकडची, एका संध्याकाळी पिशवी घेऊन खाली आली. पिशवीत सुयांचा एक जोड आणि निळी लोकर.

"काकू, तुम्हाला स्वेटर येतो ना? मला पप्पांसाठी करायचाय. पहिलाच आहे. काय काय लक्षात ठेवायचं?"

"माप आणलंयस?"

"माप कशाला? सरप्राईज आहे. अंदाजानं करू ना. पप्पा असे आहेत." तिनं दोन्ही हात फाकवून हवेतच एक बाप काढून दाखवला. चांगला सुखवस्तू, पोट सुटलेला बाप होता.

मला हसू यायला हवं होतं. आलंही थोडं, पण त्याच्या मागोमाग भीती वाटली. मी म्हणाले, "अंदाजानं नको. आईला फोन कर. पप्पांच्या छातीचं माप घे म्हणावं. आजचं माप. जुना शर्ट बघून सांगितलेलं नको."

"आजचं म्हणजे? पप्पा काय रोज बदलतात का काकू?" असं म्हणून ती खो खो हसली. मी तिला चहा टाकला आणि विषय बदलला.

पहिला स्वेटर करणाऱ्याला सांगण्यासारखं खरं तर फार नसतं. टाके सैल घाल. पहिल्यांदा सगळेच जीव मुठीत धरल्यासारखे घट्ट टाके घालतात आणि मग सुई आत शिरत नाही. ओळ अर्धी ठेवून उठू नको. टाका गळला तर ओरडू नको, क्रोशाच्या सुईनं खालून उचलून घे. दोन्ही बाह्या एकाच वेळी सुईवर घे, म्हणजे एक लांब आणि एक आखूड होत नाही. चूक दिसली की तेवढ्या ओळी तिथल्या तिथे उसव, पुढे नेऊ नको. या सगळ्या गोष्टी मला ज्या बाईंनी शिकवल्या, त्यांनी त्या एवढ्याच शब्दांत शिकवल्या होत्या. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. त्या घोडेगावला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि शिनोलीत आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या. ड्यूटीहून आल्या की ओट्यावर बसून विणायच्या. बोलायच्या कमी. बोलल्या तर विणकामाबद्दलच.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी बारावी होऊन घरी होते. मला बघायला पाहुणे यायचे आणि मुलीला विणकाम-भरतकाम येतं का, असं हमखास विचारायचे. त्यांच्यापैकी कुणाच्या अंगात मी विणलेलं काही जाणार नव्हतं, तरी विचारायचे. म्हणून आईनं मला सिस्टरांकडे बसवलं. पावसाळाभर माझं एक मफलर चाललं होतं. त्याची एक कड सरळ आणि दुसरी नागमोडी. दादा ते मुद्दाम गळ्यात घालून गावातून फिरून आले होते. "माझ्या सुमीनं केलंय," असं ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलं.

दादा म्हणजे माझे वडील. ते पाटकरी होते. डिंभ्याच्या कालव्याला पाणी सुटलं की कुठली चारी उघडायची, कुठली बंद करायची, कुणाच्या रानाला कधी पाणी द्यायचं हे बघायचं त्यांचं काम. पाण्यावरून भावाभावांत खोरी-फावडी निघतात, त्यामुळे पाटकरी माणूस एक तर फार चतुर लागतो नाही तर फार दांडगा. दादा दांडगे होते. अंगानं आडवे, मान दिसायची नाही, आणि आवाज असा की कालव्याच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडचा माणूस पाण्याची दारं मोडायचा थांबायचा. भर थंडीत खाकी शर्टावर नुसतं घोंगडं टाकून ते कालव्यावरून फिरायचे. खात्याचा गरम कोट त्यांनी कधी वापरला नाही. त्यात मांजर व्यायली होती.

त्या वर्षी गणपतीत त्यांच्या घशात भाकरी अडकायला लागली. आधी पाणी पिऊन ती खाली जायची. मग दुधात कुस्करून जायची. पितृपक्षात भातावर आले. दसरा झाल्यावर तात्या, माझे धाकटे चुलते, त्यांना पुण्याला घेऊन गेले. तात्या परत आले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. तात्या म्हणाले, "अल्सर हाय. पथ्य लई कडक सांगितलंय." आणि मग आईला बाहेर बोलावून गोठ्याकडे नेलं. मी दारात उभी होते. आईनं गोठ्याचा खांब धरला. तेवढं पाहून मला कळलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात अल्सर हा शब्द दिवसातून पन्नास वेळा आणि दुसरा शब्द एकदाही बोलला गेला नाही. तात्यांनी मला आणि आईला बजावलं होतं, "दादाच्या कानावर जाता कामा नाय. डॉक्टरच म्हणला, कळलं तर माणूस आधीच हाय खातो." हे बरोबर की चूक, याचा विचार करायला कुणालाच सवड नव्हती. सगळ्या घरांत असंच करत. कळू द्यायचं नाही, हीच सेवा, असं मानत.

थंडी पडली आणि दादांना ती वाजायला लागली. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. सकाळी भीमाशंकरकडून वारं आलं की ते ओट्यावर उन्हाचा पट्टा धरून बसायचे आणि ऊन सरकलं की त्याच्यामागे सरकायचे. घोंगडं असायचं, पण घोंगडं आता त्यांना जड व्हायचं. खांद्यावरून घसरलं की ते वर ओढून घ्यायलाही त्यांना बळ लागायचं. सिस्टरांनी हे कधी पाहिलं कोण जाणे. एकदा ओळ पुरी करून सुया खाली ठेवत म्हणाल्या, "दुसरं मफलर राहू दे. वडिलांना स्वेटर कर. पुढून बटणांचा कर, डोक्यातून घालायला त्रास होईल त्यांना. लोकर हलकी घे."

लोकर घोडेगावच्या बाजारातून आली. बाटलीसारखा हिरवा रंग आईनं निवडला. मळखाऊ आहे म्हणाली. "चांगला तीन-चार थंड्या वापरतील," असंही दुकानदाराला सांगितलं. मी पिशवी घट्ट धरून उभी होते.

सिस्टर म्हणाल्या, आधी माप. बनियनवरून छाती, मग काखेपासून खाली लांबी, मग बाही. माप न घेता टाके घालायचे नाहीत. घरात टेप नव्हता. मी लोकरीचा एक लांब धागा तोडला, त्याला सिस्टरांनी दाखवल्याप्रमाणे गाठी मारल्या आणि ओट्यावर दादांकडे निघाले. आईनं दारातच माझं मनगट धरलं.

"काय करतीयेस?"

"माप घेते दादांचं."

"आजारी माणसाला दोरी लावत नाय." ती दात आवळून हळू बोलत होती. "माणसाला दोरी एकदाच लावत्यात, बांबू तोडताना. कळलं का?"

ती आत गेली, खुंटीवरचा खाकी शर्ट काढून आणला आणि माझ्या अंगावर टाकला. "ह्याच्या मापानं कर."

तो शर्ट दादांनी गणपतीच्या आधी घातलेला होता. काखेत घामाचे पांढरे डाग होते आणि बटणाच्या पट्टीवर पोटापाशी ताण पडून कापड विरलेलं होतं. मी तो जमिनीवर पसरला आणि हातानं सारखा केला. चांगला रुंद शर्ट. ओट्यावर बसलेला माणूस त्यात आता मावला असता आणि वर बरीच जागा उरली असती. मी शर्टावर धागा धरला आणि माप घेतलं.

पाठ विणायला घेतली. बॉर्डर झाली, वर सुलट टाके सुरू झाले. बटाट्याच्या काढणीचे दिवस जवळ येत होते, हरभऱ्याच्या पानांवर आंबट दवाची आंब धरली होती, गुऱ्हाळाचा वास संध्याकाळी घरात शिरायचा. दादांना गरम गूळ फार आवडायचा. तात्यांनी एकदा वाटीत पातळ काकवी आणली. दादांनी बोट बुडवून जिभेला लावलं, बराच वेळ तोंडात घोळवलं, आणि वाटी मला दिली. "घे, लई ग्वाड हाय," म्हणाले. आवाज बसला होता तेव्हा. कालव्यापार जाणारा आवाज आता ओट्यावरून चुलीपर्यंतही पुरत नव्हता.

विणलेलं कापड खोटं बोलत नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्या दिवशी मन थाऱ्यावर असेल त्या दिवशीचे टाके सारखे पडतात. ज्या दिवशी पेजसुद्धा उलटून पडली, त्या दिवशीच्या ओळी आवळलेल्या. ज्या दिवशी मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी घरातला आजार ऐकून परस्पर नकार कळवला, त्या दिवशी मी इतक्या रागानं विणलं की तिथं कापडाला चक्क घडी पडली. सिस्टर बोट फिरवून म्हणाल्या, "राग आला की सुया खाली ठेवायच्या." मी म्हटलं, मग मी कधीच विणणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाठीचा तुकडा हातात घेऊन उलगडला, त्याची रुंदी बघितली, आणि ओट्यावरच्या दादांकडे बघितलं.

"एवढं मोठं?"

"आईनं शर्ट दिला. माप घेऊ देत नाही."

सिस्टरांनी तुकड्याची घडी घातली. त्यांना सगळं ठाऊक होतं, दवाखान्याचे कागद त्यांनीच वाचून पाहिले होते. "बरं," त्या म्हणाल्या. "सैल असलेला बरा. आतून दोन बनियन घालता येतात." विणकामात त्यांनी मला माफ केलेली ही एकच चूक.

आईनं दोरी लावू दिली नाही, पण दोरी दादांच्या अंगावर होतीच. आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांच्या कमरेला असतो तसा त्यांच्याही कमरेला काळा करदोडा होता. पूर्वी तो पोटात रुतलेला असायचा, दिसायचाही नाही. आता तो घसरायचा. दादा पाठमोरे होऊन तो वर ओढायचे आणि गाठ सरकवून आवळायचे. गाठीपुढे दोऱ्याचं एक टोक लोंबायचं. मार्गशीर्षात ते बोटभर होतं. मग वीतभर झालं. एकदा त्यांनी ते उरलेलं टोक दातानं तोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर तसंच आत खोचलं. मी खांबाआड उभी राहून हे पाहिलं आणि परत जाऊन विणायला बसले. मी गणपतीच्या आधीच्या माणसासाठी स्वेटर करत होते आणि तो माणूस आता आमच्या घरात नव्हता.

माणसं यायची. पाटकरी आजारी म्हटल्यावर चारीवरचे सगळे शेतकरी भेटायला आले. त्यातले काही खरंच प्रेमानं येत, काही पाण्याची पाळी विचारायला येत आणि जाता जाता प्रकृतीचीही चौकशी करत. डिंभ्याकडचा एक शेतकरी ओट्यावर टेकला नाही तोच म्हणाला, "काय राव पाटकरी, लई उतरलात व्हय! वळखूच आला न्हाई मला!"

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं तो त्याच्यापुढे असा आपटला की पाणी त्याच्या धोतरावर उडालं. "पथ्य हाय त्यांना डॉक्टरचं. मुद्दाम उतरवलंय अंग. तुमी बी उतरवा जरा."

तो बिचारा ओशाळून हसला. दादाही हसले. तो गेल्यावर आई न्हाणीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. न्हाणीत तेव्हा घासायला एकही भांडं नव्हतं.

प्राजक्ताचं काम बरं चाललंय. तिच्या आईनं म्हणे पप्पा दुपारी झोपले असताना टेपनं माप घेतलं आणि फोनवर सांगितलं. बॉर्डर जराशी घट्ट आली आहे, मी तिला ती उसवायला लावली. ती कुरकुरली. "काकू, एवढं चालतं हो. पप्पांना काय कळणारे?" मी म्हटलं, कळतं. घालणाऱ्याला सगळं कळतं. ती पुन्हा टाके घालायला बसली आणि मी उगीचच तिच्यावर ओरडले, सुई नीट धर म्हणून. सुई ती नीटच धरत होती.

उसवण्यावरून आठवलं. पाठ झाल्यावर मी पुढचे दोन भाग घेतले तेव्हा माझा धीर सुटला. मी मुद्दाम टाके कमी घातले. पाठ रुंद असली तरी पुढून थोडा आवळता येईल, निदान अंगाला लागून बसेल, वारं शिरणार नाही. स्वेटर उबेसाठी करतात. आईच्या मनासाठी मी त्यांना गार वाऱ्यात ठेवू का? असा मी स्वतःशी वाद घातला आणि जिंकले. डावा भाग काखेपर्यंत आला. आई शेतातून आली, हातपाय धुतले, माझ्याजवळ बसली आणि तो भाग उचलून शर्टावर धरला. तिला विणकाम येत नव्हतं, पण कापड लहान की मोठं हे कुणालाही कळतं.

"ह्ये काय?"

"पुढून थोडा कमी केलाय."

"का?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं सुई टाक्यांतून ओढून काढली, लोकरीचं टोक शोधलं आणि ओढायला सुरुवात केली. ओळीमागून ओळ सर्र सर्र उसवत गेली. "ह्याच्यात माणूस मावत नाय," ती म्हणत होती. "माझा माणूस ह्याच्यात मावत नाय." ओट्यावर दादा खोकले. ती थांबली, उसवलेली लोकर माझ्या मांडीवर टाकली आणि पेज करायला उठली. मला तिचा इतका राग आला होता की रडू आलं नाही. ही बाई डोळे मिटून बसली आहे, असं मला वाटलं. रोज डोळ्यांपुढे माणूस झिजतोय आणि हिला शर्ट खरा वाटतोय. मी पुन्हा पुरते टाके घातले.

संक्रांतीला स्वेटर पुरा झाला. बटणं सिस्टरांनी दिली. सकाळपासून तिळगूळ द्यायला माणसं येत होती आणि ओट्यावर बरीच बसली होती. आईनं दादांना उन्हात उभं केलं आणि मी मागून बाह्या चढवल्या. खांद्याची शिवण दंडावर उतरली. बाह्यांतून फक्त बोटं बाहेर आली. पुढून बटणं लावल्यावर छातीपाशी कापडाला मोठ्या चुण्या पडल्या, आणि त्या चुण्यांच्या आत कुणी उभं आहे की नाही असं वाटत होतं. ओट्यावरचा जो तो हातातला तिळगूळ बघायला लागला. मला वाटलं, आता कळणार. आता ते खाली बघतील, स्वतःला बघतील आणि त्यांना कळेल. दसऱ्यापासून आम्ही जे जपलं ते माझ्याच हातानं उघडं पडलं होतं, सगळ्या गावापुढे.

दादांनी खाली पाहिलं. एकदा उजवीकडे वळले, एकदा डावीकडे. मग काखेत बोट घालून कापड ओढल्यासारखं केलं आणि त्या बसक्या आवाजात म्हणाले, "सुमे, काखंत जरा घट झालाय गं. माप चुकलं तुझं."

मग आई हसली. "घालून घालून व्हईल सैल," म्हणाली. आणि सगळा ओटा हसला. तात्या तर पोट धरून हसले आणि हसता हसता उठून गोठ्याकडे गेले. मीही हसले. आमच्या घरात त्या थंडीत एवढं मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी तो स्वेटर काढला नाही. झोपतानाही अंगात असायचा. संक्रांतीनंतरच्या एका दुपारी आई बटाटे वेचायला गेली होती. मी घरामागच्या परड्यात त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्यांनी स्वेटरची एक कड धरून अंगापासून दूर ओढली. तिथं आणखी एक माणूस सहज बसला असता.

"लोकर लई हाय यात," ते म्हणाले.

मी तेल चोळत राहिले.

"सुमे, हिकडं बघ. मी गेल्यावर ह्यो कुणाला देऊ नको. उसव. आईला कर. तिला थंडी लई वाजती, पर ती बोलत नाय."

"दादा, असं काय बोलता? अल्सर आहे तुम्हाला. उन्हाळ्यापर्यंत..."

"बोलायला घसा कुठं ऱ्हायलाय माझा?" ते म्हणाले. "एकदाच बोलतो, ऐकून घे. अन् आईला यातलं कळू देऊ नको. तिला वाटतंय मी उठनार. तेवढं ऱ्हाऊ दे तिच्याकडं."

मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बाहीतून बाहेर आलेली ती नुसती बोटं. मग डोळे मिटून उन्हात पडून राहिले. त्या दिवशी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं नंतर कधी वाटलं नाही. घरात तिघंच माणसं, आणि मला दोघांपासून दोन वेगळ्या गोष्टी लपवायच्या होत्या: दादांना कळलंय हे आईपासून, आणि तात्यांनी आईला खरं सांगितलंय हे दादांपासून.

ते महाशिवरात्रीच्या आधी गेले, पहाटे. रस्त्यावरून भीमाशंकरला जाणाऱ्या जत्रेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. माणसं जमली. आंघोळ घालण्याआधी अंगावरचे कपडे काढायचे होते. कुणीतरी कात्री मागितली. आई म्हणाली, "कात्री नको," आणि स्वतः पुढे होऊन तिनं बटणं सोडली. सैल होता, त्यामुळे सहज निघाला. तिनं घडी घालून तो माझ्याकडे दिला. अजून कोमट होता.

तेराव्यानंतर तात्या दादांचे कपडे गोळा करायला आले. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, कुणाला तरी देऊन टाकतात. धोतरं, बनियन, खाकी शर्ट, वहाणा, सगळं एका चादरीत बांधलं. "सुमे, स्वेटर आण," तात्या म्हणाले. "नवाच हाय, एखाद्या गरिबाच्या उपयोगी पडंल."

"तो नाही देणार."

"अगं, गेलेल्याचं असं ठेवू नये."

"नाही देणार."

"का पर?"

का, ते मला सांगता येत नव्हतं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि मी शब्द दिलेला होता. मी स्वेटर छातीशी धरून नुसती उभी राहिले. तात्या चिडले, मग हताश होऊन आईकडे वळले. "वैनी, तुमी सांगा हिला."

आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

तात्या गाठोडं घेऊन गेले. मी परड्यात जाऊन बसले, खांद्याची शिवण कापली आणि पाठीचं टोक शोधायला लागले. टोक सापडेना. मागे पावलं वाजली. आई माझ्यासमोर येऊन बसली. मी स्वेटर पदराखाली घेतला. तिनं तो हळूच काढून घेतला, मांडीवर पसरला.

"काय करणार ह्याचं?"

"उसवणार. तुला करणार."

मला वाटलं ती ओरडेल. तिनं पुढचा डावा भाग हातात घेतला. "ह्यो आधी उसव," ती म्हणाली. "ह्यो मी तुला दोनदा करायला लावला. एवढा कुठं लागत व्हता त्यांना?"

मी तिच्याकडे बघत राहिले. "तुला दिसत होतं?"

"आंघोळ कोण घालीत व्हतं त्यांना?"

तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले, लोकरीची लडी गुंडाळायला. मी टोक तिच्या मनगटाला अडकवलं आणि ओढायला लागले. उसवलेली लोकर कुरळी होऊन तिच्या हातांवर जमत होती. डावा भाग उसवून झाला.

"त्यांना शेवटपर्यंत काय कळू दिलं नाय आपण," आई म्हणाली. "तेवढं तरी बरं झालं. न्हाई का गं?"

मी हो म्हणाले.